पाकाची तार आणि भेंडीची तार

या पुस्तकाचे हस्तलिखित हातात आले तेव्हा मी ते मागून वाचायला घेतले. ही माझी जुनी खोड आहे. शास्त्रज्ञाचे चरित्र मिळाले की आधी शेवटच्या परिशिष्टातली प्रकाशनांची यादी उघडायची आणि चरित्राकडे मग वळायचे. चरित्रकार आपल्या नायकाला सांभाळून घेतो, यादी कोणाचीच भीड ठेवत नाही. माणूस कोणत्या वर्षी गप्प बसला, कोणत्या वर्षी वाट सोडून भलतीकडे वळला, कोणते सहलेखक चार-पाच वर्षे सोबत दिसले आणि मग एकदम नाहीसे झाले, हे सगळे तिथे साल-पानांसह मांडलेले असते. चाळीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मी अशा बऱ्याच याद्या वाचल्या. त्यांतल्या एकीने मला वर्गात शिकवण्याच्या कामाला पुरेल इतके दिले. ती यादी हेरमान श्टाउडिंगर यांची. आता त्यांच्यावर मराठीत स्वतंत्र पुस्तक होते आहे, आणि लेखकाने प्रस्तावनेसाठी मला गाठले ते बहुधा माझ्या याच खोडीमुळे.

श्टाउडिंगर कोण, हे पहिल्याच पानावर सांगून टाकतो. प्लास्टिक, रबर, कापूस, रेशीम, लाकूड, स्टार्च हे पदार्थ अतिशय लांब रेणूंचे बनलेले असतात आणि त्या रेणूंमध्ये हजारो अणू नेहमीच्याच रासायनिक बंधांनी एकामागून एक जोडलेले असतात, ही आज शाळेत सांगितली जाणारी गोष्ट ज्यांनी पहिल्यांदा ठासून मांडली ते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. जन्म 23 मार्च 1881, ऱ्हाईनकाठच्या वोर्म्स गावी. मृत्यू 8 सप्टेंबर 1965, फ्रायबुर्ग येथे. 1953 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले तेव्हा ते 72 वर्षांचे होते.

आता यादीकडे. तिच्यात 1920 या सालापाशी एक नोंद आहे. जर्मन केमिकल सोसायटीच्या ‘बेरिश्टे’ या नियतकालिकाच्या 53 व्या खंडात, पान 1073 ते 1085, विषय बहुवारिकीकरण, म्हणजे पॉलिमरायझेशन. मोजून तेरा पाने. त्यांत नव्या प्रयोगांचा गाजावाजा नाही, आकड्यांचे तक्ते नाहीत. आहे ते फक्त एक म्हणणे : पॉलिस्टायरीन, फॉर्मल्डिहाइडपासून होणारा पॉलिऑक्सिमिथिलीन आणि नैसर्गिक रबर या तिघांची रचना साखळीसारखी मानली तर त्यांचे सगळे गुणधर्म उलगडतात, त्यासाठी कोणत्याही गूढ आकर्षणाची गरज पडत नाही. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर ही तेरा पाने म्हणजे उधारी होती. माल आधी उचलला, पैसे नंतर. यादीतला यापुढचा भाग, म्हणजे बहुवारिकांवरची ती क्रमांक घातलेली निबंधमालिका जी दोनशेचा आकडाही मागे टाकून गेली, ती उधारी फेडल्याचा हिशेब आहे. श्टाउडिंगर यांची कारकीर्द मला अशी वाचता येते, आणि वाचकानेही ती तशी वाचावी अशी माझी सूचना आहे.

उधारी कशाची होती हे कळायला स्वयंपाकघरात जावे लागेल. आपल्याकडे ‘तार’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. साखरेचा पाक बोटांच्या चिमटीत धरून बोटे फाकवली की तार येते; एकतारी, दोनतारी. आणि भेंडी चिरताना तिच्या चिकटाची तार सुटते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. पण दोन्हींत वाटीभर पाणी घालून बघा. पाकाची तार तिथल्या तिथे मोडते, उरते ते साधे गोड पाणी. भेंडी मात्र वाटीभर पाण्यात चिरून ठेवली की ते सगळे पाणीच बुळबुळीत होते. कारण सोपे आहे. पाकात साखरेचे छोटे रेणू दाटीवाटीने एकमेकांना धरून उभे असतात. जागा मिळाली की हात सोडतात. भेंडीच्या चिकटात मुळात रेणूच लांब असतात. पाणी घालून ते एकमेकांपासून दूर जातील, पण प्रत्येकाची लांबी कशी कमी होणार?

1920 च्या सुमारास जवळजवळ सगळे नामवंत रसायनशास्त्रज्ञ रबराला आणि सेल्युलोजला पाक समजत होते. म्हणजे छोटे रेणू, आणि ते एकमेकांना धरून ठेवणारे काहीतरी आकर्षण. श्टाउडिंगर म्हणत होते, नाही, ही भेंडी आहे.

त्या बाकीच्यांना वेड्यात काढण्याचा मोह नंतरच्या लेखकांना फार होतो. या पुस्तकाच्या लेखकाने तो आवरला, याचे मला विशेष कौतुक आहे. कारण विरोधकांकडे पुरावे होते. एमिल फिशर यांनी अठरा अमिनो आम्ले एकापुढे एक जोडून 1213 रेणुभाराचा पदार्थ तयार केला होता. इतके कष्ट करून जिथे पोचायचे त्याच्या कितीतरी पलीकडे निसर्ग सहज जातो, यावर खुद्द फिशरांचाही विश्वास बसत नव्हता. कार्ल हारिएस यांनी रबराचे ओझोनने तुकडे करून त्यांच्यावरून रबरासाठी एक छोटी कडी सुचवली होती, आणि अशा अनेक कड्या दुहेरी बंधांच्या उरल्यासुरल्या ओढीने एकत्र राहतात असे म्हटले होते. ही ‘उरलीसुरली ओढ’ म्हणजे योहानेस थीले यांची आंशिक संयुजेची कल्पना. गंमत अशी, की श्टाउडिंगर स्वतः श्ट्रासबुर्गला याच थीलेंच्या हाताखाली उमेदवारी करून आले होते. क्ष-किरणवाल्यांचा आक्षेप तर आणखी भक्कम वाटे. स्फटिकात जो एकक कोश सतत पुन्हा पुन्हा येतो, त्याच्यापेक्षा रेणू मोठा असूच शकत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. आणि सेल्युलोजचा कोश लहान निघाला होता. साखळी एका कोशातून शेजारच्या कोशात सरळ आरपार जाऊ शकते, हे ध्यानात यायला काही वर्षे जावी लागली.

एवढ्या फळीसमोर उभे राहणारा माणूस पोटापाण्यासाठी धडपडणारा कोणी नवखा असता तर गोष्ट वेगळी होती. श्टाउडिंगर 39 वर्षांचे होते आणि सगळे काही मिळवून बसले होते. वडील फ्रांट्स श्टाउडिंगर तत्त्वज्ञ. मुलाला वनस्पतिशास्त्राचे वेड. वनस्पती नीट समजायच्या तर आधी रसायन शिकावे, असा सल्ला घरी मिळाला, आणि मुलगा रसायनात शिरला तो तिथेच राहिला. 1903 मध्ये हाले येथे डॉक्टरेट, मग श्ट्रासबुर्ग. तिथे 1905 मध्ये कीटीन हा संयुगांचा एक संपूर्ण नवा वर्ग हाती लागला आणि चोविसाव्या वर्षी नाव झाले. 1907 मध्ये कार्ल्सरूहे, 1912 मध्ये झ्युरिकच्या तांत्रिक विद्यापीठात रिखार्ड विल्श्टेटर यांच्या जागी. त्याच वर्षी कीटीनवरचा ग्रंथ. महायुद्धात टंचाई आली तेव्हा मिरीच्या तिखटपणाला पर्याय शोधला. भाजलेल्या कॉफीच्या वासात काय काय असते ते थडेउश राइखश्टाइन यांच्यासोबत उकलले. पायरेथ्रम फुलांतल्या कीटकनाशकाची रचना लिओपोल्ड रुझिका यांच्यासोबत शोधली. हे दोन्ही सहकारी पुढे नोबेलचे मानकरी झाले. थोडक्यात, यादी उत्तम चालली होती. शुद्ध स्फटिक, नेमका वितळणबिंदू, ठणठणीत सूत्र. त्या काळच्या सेंद्रिय रसायनशास्त्राला जे जे आवडे ते ते तीत होते.

अशा माणसाने चिकट, स्फटिक न होणाऱ्या, भांड्याच्या बुडाला घट्ट बसणाऱ्या पदार्थांमागे लागावे, हे सहकाऱ्यांना पटेना. या शाखेला जर्मनीत ‘ओशटपणाचे रसायन’ अशा अर्थाचे हिणवणारे नाव होते. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही ते चटकन समजेल. प्रयोग फसला की चंबूच्या तळाशी जी डांबरासारखी राळ उरते, ती आपण नाक मुरडून फेकून देतो. श्टाउडिंगर यांनी तीच संशोधनाला घेतली.

उधारीचा पहिला हप्ता 1922 मध्ये, ‘हेल्वेटिका किमिका अॅक्टा’ या स्विस नियतकालिकात, फ्रिची या सहकाऱ्यासोबत. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात प्रतिपक्षाचेच म्हणणे खरे धरून पुढे काय व्हायला हवे ते तपासले आहे. कड्या दुहेरी बंधांच्या ओढीने एकत्र राहतात म्हणता ना? मग रबरावर हायड्रोजनची क्रिया करून दुहेरी बंधच संपवून टाकू. ओढ गेली की कड्या सुट्या होतील, आणि पेट्रोलसारखा उडून जाणारा, ऊर्ध्वपातित करता येणारा हलका द्रव मिळेल. प्रत्यक्षात तसे काही झाले नाही. हायड्रोजनयुक्त रबर पूर्वीइतकेच जड, पूर्वीइतकेच चिकट, ऊर्ध्वपातनाला दाद न देणारे. पाकात पाणी घातले आणि तार तशीच राहिली. याच लेखात त्यांनी या राक्षसी रेणूंना नाव दिले : माक्रोमोलेक्यूल. आपण त्याला महारेणू म्हणतो.

विरोधक एका निबंधाने गप्प बसले नाहीत, आणि बसायलाही नको होते. झ्युरिक सोडण्याच्या सुमारास तिथल्या केमिकल सोसायटीपुढे श्टाउडिंगर यांचे व्याख्यान झाले. खनिजतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, कलिलतज्ज्ञ एकामागून एक उठले आणि प्रत्येकाने आपापल्या शास्त्रातून ही गोष्ट अशक्य असल्याचे सांगितले. व्याख्यात्याने शेवटी मार्टिन ल्युथरचा आधार घेतला. आपण इथे उभे आहोत आणि आपल्याला दुसरे काही करता येत नाही, या अर्थाचे ल्युथरच्या नावावर असलेले उद्गार त्यांनी सभेला ऐकवले, असे हजर असलेल्यांनी नोंदवले आहे. 1926 च्या सप्टेंबरात ड्युसेलडॉर्फला जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्यांच्या सभेत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. अध्यक्षस्थानी विल्श्टेटर. एका बाजूला बेर्गमान, प्रिंग्सहाइम यांच्यासारखे छोट्या रेणूंचे पुरस्कर्ते, दुसऱ्या बाजूला बहुतेक एकटे श्टाउडिंगर. हेरमान मार्क या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने तिथे सांगितले, की लहान एकक कोशामुळे लांब रेणू अशक्य ठरत नाही. त्या काळात एका विरोधकाने केलेली तुलना प्रसिद्ध आहे. आफ्रिकेत कुठेतरी शेकडो फूट लांबीचा हत्ती सापडल्याचे ऐकून प्राणिशास्त्रज्ञाला जे वाटेल तेच आपल्याला हे ऐकून वाटते, असे तो म्हणाला.

त्याच वर्षी श्टाउडिंगर फ्रायबुर्गला आले. त्यांच्याआधी त्या जागेवर असलेले हाइनरिख वीलांट म्हणजे मोठा माणूस, आणि स्नेहीसुद्धा. त्यांनी प्रेमानेच सल्ला दिला, की हा मोठ्या रेणूंचा नाद सोडा. तुमचे रबर नीट शुद्ध करा, ते आपोआप स्फटिक होईल आणि लहानच निघेल. श्टाउडिंगर यांनी ही गोष्ट म्हातारपणी आपल्या आठवणींत सांगितली आहे. मला यात वाईट वाटते ते सल्ला चुकीचा होता म्हणून नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव चिकट पदार्थांच्या बाबतीत तो अगदी योग्य सल्ला आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांना तो कितीतरी वेळा दिला आहे.

फ्रायबुर्गची वर्षे हप्त्यांची. आणि हप्त्याचे मुख्य नाणे होते श्यानता, म्हणजे द्रवाचा घट्टपणा. पुस्तकातल्या ‘वाहण्याचा वेळ’ या प्रकरणाशी माझे वैयक्तिक नाते आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. आमच्या महाविद्यालयात गणपती झाले की मी मुलांना घरच्या मखराचा थर्माकोलचा तुकडा आणायला सांगत असे. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. श्टाउडिंगर यांनी सर्वांत जास्त तपासलेल्या पदार्थांपैकी एक. टोल्युइनमध्ये टाकला की मोठा तुकडा बघता बघता बसतो, आतली हवा बुडबुडत निघून जाते, आणि हातभर मखर चमचाभर द्रवात जिरते. मुलांना याचेच इतके नवल वाटे, की पुढचा प्रयोग सुरू करायला दहा मिनिटे जात. मग एक टक्का द्रावण करायचे, काचेच्या केसासारख्या बारीक नळीच्या श्यानतामापीत भरायचे, वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत पातळी उतरायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचे. नुसत्या टोल्युइनपेक्षा हा वेळ दुपटीच्या आसपास निघे. शेजारच्या टेबलावर दुसरा गट पाण्यात एक टक्का साखर घालून हेच मोजत असे. तिथे फरक शंभरात दोन-तीन एवढाच. शंभर भागांत एक भाग, तरी एका ठिकाणी वेळ दुप्पट आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ तितकाच. हे पाहिल्यावर लांब रेणूंवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नसे.

श्टाउडिंगर यांनी 1930 च्या सुमारास यातून नियम काढला : विरळ द्रावणाची वाढलेली श्यानता रेणुभाराच्या सरळ प्रमाणात असते. साखळी दुप्पट, वाढ दुप्पट. स्वीडनमध्ये थेओडोर स्वेडबेरी यांच्याकडे प्रचंड वेगाने फिरणारे, महागडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज होते, त्याने प्रथिनांचे रेणुभार थेट मोजता येत. काचेची नळी आणि घड्याळ मात्र कोणालाही परवडत होते. 1932 मध्ये रबर आणि सेल्युलोजवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ आला, त्यात एका दशकाचे हे मोजमाप साठवले आहे. आणखी एक खुबी त्यांनी वापरली. महारेणूवर रासायनिक क्रिया करून त्याचे दुसऱ्याच संयुगात रूपांतर करायचे, पण साखळी तोडायची नाही; आणि आधी-नंतर कड्यांची संख्या तीच राहिली हे दाखवायचे. छोट्या रेणूंचा नुसता घोळका असता तर संयुग बदलल्यावर घोळक्यातली संख्याही बदलली असती. स्वयंपाकघराच्या भाषेत : मसाला बदलला, भांडे बदलले, तरी तार तेवढीच लांब.

आता खात्यातली खोट. श्टाउडिंगर यांचा सरळ प्रमाणाचा नियम त्यांनी सांगितला तितका सरळ नाही. ते महारेणूला ताठ काडी मानत. वेर्नर कून, मार्क आणि इतरांनी तिशीच्या दशकात दाखवले, की द्रावणातली साखळी काडी नसते, गुंडाळी होऊन सतत वळवळत असते; आणि म्हणून श्यानता रेणुभाराच्या सरळ प्रमाणात न वाढता त्याहून मंद गतीने वाढते. आज विद्यार्थी जे समीकरण शिकतात त्यात एक घातांक असतो, आणि लवचीक साखळ्यांसाठी तो साधारण 0.5 ते 0.8 येतो, श्टाउडिंगर यांनी तो 1 धरला होता. त्यांनी ही दुरुस्ती मोकळेपणाने स्वीकारली नाही. कुर्ट मायर आणि मार्क यांच्याशी श्रेय कोणाचे यावरून कडवट वाद घातला. ज्या माणसाने अख्ख्या शास्त्राला आपले मत बदलायला लावले, त्याला स्वतःची काडी वाकवणे जड गेले. लेखकाने हे प्रकरण ‘ताठ’ या एकाच शब्दाच्या शीर्षकाखाली लिहिले आहे. शीर्षक रेणूला उद्देशून आहे की माणसाला, हे त्याने वाचकावर सोडले आहे.

यादीत रसायनाशी संबंध नसलेल्या दोन नोंदी आहेत आणि सगळ्यांत महाग त्याच पडल्या. 1917 मध्ये, महायुद्ध चालू असताना, तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये बसून त्यांनी लिहिले, की अमेरिका उतरल्यावर दोन्ही बाजूंची औद्योगिक ताकद मोजली तर जर्मनी हे युद्ध जिंकू शकत नाही. 1919 मध्ये विषारी वायूंच्या युद्धाविरुद्ध लिहिले. वायुयुद्धाचे प्रमुख फ्रिट्झ हाबर कार्ल्सरूहेतले त्यांचे जुने सहकारी. त्यांनी देश अडचणीत असताना पाठीत वार केल्याचा आरोप केला. चौदा-पंधरा वर्षांनी ही उधारी वेगळ्याच सावकाराने मागितली. 1933 मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचे रेक्टर झालेले तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी श्टाउडिंगर यांच्या या जुन्या भूमिकेची चौकशी करायला लावली आणि 1934 मध्ये त्यांना काढून टाकण्याची शिफारस केली. त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला. तो अमलात आला नाही, पण टांगती तलवार राहिली. पुढच्या वर्षांत त्यांनी सत्तेशी जुळवून घेतले, संस्था चालवली, निबंध काढले. त्यांना हुतात्मा ठरवण्याची लेखकाला घाई नाही आणि त्यांच्यावर ठपका ठेवण्याचीही नाही. नोव्हेंबर 1944 मध्ये फ्रायबुर्गवर बाँबवर्षाव झाला आणि त्यांची संस्था उद्ध्वस्त झाली. 1947 मध्ये त्यांनी ‘डी माक्रोमोलेकुलारे केमी’ हे नियतकालिक सुरू केले. ज्या शब्दाला पंचवीस वर्षांपूर्वी लोक हसत होते तो आता मुखपृष्ठावर होता.

याच काळात अटलांटिकपलीकडे दुसरी एक यादी लिहिली जात होती, आणि तिच्याशेजारी ठेवल्याशिवाय ही यादी पुरती वाचली जात नाही. वॉलेस कॅरोदर्स 1928 मध्ये ड्यूपाँ कंपनीत दाखल झाले. त्यांची रीत श्टाउडिंगर यांच्या नेमकी उलट. निसर्गातल्या चिकट पदार्थाची फोड करत बसण्यापेक्षा, ज्या क्रियेत दोन रेणू कुठे आणि कसे जुळतात हे पक्के ठाऊक आहे तीच क्रिया पुन्हा पुन्हा घडवून साखळी स्वतः विणायची. अशी विणलेली वस्तू रेशमासारखी वागली, तर वादच मिटतो. फेब्रुवारी 1935 मध्ये नायलॉन हाती आले. दोन वर्षांनी, एप्रिल 1937 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी कॅरोदर्स यांनी आयुष्य संपवले. त्यांची यादी आखूड आहे, श्टाउडिंगर यांची लांबलचक. पण महारेणूंच्या बाजूने निकाल लागला तो दोन्ही याद्या एकत्र पडल्यावर. नोबेल मात्र जगलेल्यांनाच मिळते.

सहलेखकांच्या नावांमधूनही एक धागा निघतो. रुडोल्फ सिग्नर हा विद्यार्थी झ्युरिकहून फ्रायबुर्गला गुरूमागोमाग गेला आणि पुढे बर्नला स्थायिक झाला. लांब रेणू न तोडता हाताळायची कला तो श्टाउडिंगर यांच्याकडे शिकला होता. ती त्याने वासराच्या थायमस ग्रंथीतल्या डीएनएवर वापरली. मे 1950 मध्ये लंडनच्या एका सभेत त्याने आपला हा अखंड, लांब तंतूंचा नमुना मॉरिस विल्किन्स यांना देऊन टाकला. किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉस्लिंग यांनी 1952 मध्ये घेतलेले ते गाजलेले क्ष-किरण छायाचित्र याच नमुन्याचे. 1953 च्या एप्रिलमध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना प्रसिद्ध झाली आणि त्याच डिसेंबरात श्टाउडिंगर यांनी स्टॉकहोममध्ये पदक घेतले. पत्नी मागडा, मूळच्या लाटव्हियातल्या, वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचेही नाव निबंधांवर आहे. जिवंत पेशीतल्या महारेणूंकडे श्टाउडिंगर यांचे लक्ष वळले त्यात त्यांचा वाटा मोठा. लहानपणीचे वनस्पतिशास्त्र असे वळसा घालून घरी आले.

परिभाषेबद्दल दोन शब्द. पॉलिमरला ‘बहुवारिक’ हा शासकीय परिभाषेतला शब्द लेखकाने ठेवला आहे आणि मॅक्रोमोलेक्यूलला ‘महारेणू’. दोन्ही एकच नव्हेत. बहुवारिक सांगतो, की एकच घटक अनेक वार आला. महारेणू सांगतो, की तो सगळा मिळून एकच रेणू आहे. 1920 चा झगडा नेमका या दोन शब्दांमधल्या फटीतला होता. रबरात आयसोप्रीन अनेक वार येते हे हारिएसनाही मान्य होते. ते सगळे मिळून एकच रेणू होतो हे मान्य नव्हते. इंग्रजीत शिकलेल्या मुलांना ही फट सहसा दिसत नाही. मराठीत ती दोन शब्दांत लख्ख दिसते.

काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर बसलो होतो. उमेदवारामागे पाच-सात मिनिटे. समोर प्रत्येकाच्या निबंधांची संख्या, नियतकालिकांचे गुणांक, त्यांची बेरीज. एकाही उमेदवाराचा एकही निबंध आमच्यापैकी कोणी उघडला नाही; मीही नाही. परतताना एसटीत मनात आले, 1920 चे श्टाउडिंगर या टेबलासमोर बसले असते तर? ‘तुमचे आधीचे काम उत्तम आहे, प्रोफेसर, हा शेवटचा निबंध मात्र, नवा प्रयोग दिसत नाही.’ आम्ही त्या तेरा पानांना एक गुण दिला असता. कदाचित अर्धा.

म्हणून वाचकाला, विशेषतः तरुण वाचकाला, एवढेच सांगतो की परिशिष्ट सोडू नका, आणि त्यातल्या फक्त ठळक छापलेल्या नोंदी वाचू नका. 1907 ची एक नोंद आहे, कीटीन आणि इमीन यांपासून झालेल्या चार अणूंच्या कडीची. तेव्हा तिचा काहीच उपयोग नव्हता. पुढे पेनिसिलीनच्या रेणूत तीच कडी निघाली. 1945 मध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि आपल्या पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागले तेव्हा त्या प्रत्येक रेणूत ती होतीच. आणखी एक नोंद आहे 1919 ची, मायर या दुसऱ्याच एका सहकाऱ्यासोबत : फॉस्फीन आणि अझाइड यांची क्रिया, नायट्रोजन बाहेर पडतो. महारेणूंशी तिचा काही संबंध नाही. ती 81 वर्षे रसायनशास्त्रज्ञांच्या चंबूंपुरतीच राहिली. 2000 मध्ये कॅरोलिन बेर्तोझी यांनी तीच थोडी बदलून जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर घडवून आणली, आणि त्या वाटेवरच्या कामासाठी 2022 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. श्टाउडिंगर यांनी ज्या उधारीसाठी आयुष्य घातले ती 1920 ची. ज्या नोंदीकडे त्यांनी पुन्हा फारसे वळून पाहिले नाही ती 1919 ची, तिच्या लगेच वरची ओळ. मी हस्तलिखितात त्या ओळीसमोर पेन्सिलीने एक छोटी फुली करून ठेवली होती. छापताना ती जाईल. तुम्ही आपली करून घ्या.